न फोडलेली पुडी

“मोठ्या सिस्टर, ही ठेवायची का टाकायची?”

तपासणीला वरचे साहेब येणार म्हणून धाकट्या सिस्टरने अपघात विभागातलं कपाट रिकामं करायला घेतलं होतं. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा टेबलावर उपडा करून ती त्यातली एकेक वस्तू चिमटीत धरून दाखवत होती. डबा मोठ्या सिस्टरांचा होता. न वापरलेली वस्तू केराच्या टोपलीत जाता कामा नये, हा त्यांचा एकतीस वर्षांचा खाक्या. पाकिटातली उरलेली पट्टी, जादाची सुई, जोडीतला एकच हातमोजा, काय वाटेल ते त्या डब्यात जायचं. पाठीमागे सगळे त्यांना ‘भंगारवाल्या सिस्टर’ म्हणत, आणि कोठीतला माल संपला की त्याच डब्यापुढे येऊन उभे राहत.

“बघू,” म्हणत सिस्टरांनी चष्मा नाकावर सरकवला.

बोटभर लांबीची चपटी पुडी होती. कडा निळी. आत ओला बोळा आहे हे बोटांना लगेच कळलं. एका बाजूला ‘स्पिरिटविरहित’ असं छापलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूला क्रमांकाचा शिक्का होता: सतरा.

सिस्टर हळूच खुर्चीत बसल्या.

“काय झालं? चक्कर आली का?”

“छे. ही राहू दे माझ्याकडे. तू बाकीचं आवर.”

पुडी त्यांनी पर्समध्ये टाकली. पर्समध्ये आधीपासून कोर्टाचं समन्स होतं. येत्या गुरुवारी साक्ष. त्या कागदावरही नमुना क्रमांक सतराच लिहिलेला होता.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं रक्त तपासायला पाठवायचं झालं, की पोलीस एक बंद खोका घेऊन येतात. त्यात दोन नळ्या, एक सिरिंज, चिकटवायची सीलं आणि ही पुडी; सगळ्यांवर एकच क्रमांक. एरवी रक्त काढायच्या आधी हात स्पिरिटने पुसतात. पण दारू शोधायची असेल तर स्पिरिट चालत नाही, कारण स्पिरिटही त्याच कुळातलं. कातडीवरचं थोडंसं सुईबरोबर आत गेलं तर रक्तातलं किती नि बोळ्यातलं किती, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून खोक्यातली पुडी फोडायची आणि तिच्यातल्याच बोळ्याने पुसायचं. हे पहिल्या वर्षाच्या मुलींनाही पाठ असतं. सिस्टरांनीच कितीतरी मुलींकडून ते घोकून घेतलं होतं.

चार महिन्यांपूर्वी, दुपारी तीनच्या सुमाराला, दोघांना एकदमच आणलं होतं. एक शिंपी आणि एक बेकरीच्या गाडीचा ड्रायव्हर. शिंपी चौकात रस्ता ओलांडत होता. ड्रायव्हरने वळताना गाडी त्याच्या अंगावर घातली आणि दिव्याच्या खांबावर नेऊन आदळली. शिंप्याच्या नडगीचे दोन तुकडे झाले होते. ड्रायव्हरला खरचटलंही नव्हतं. तो पलंगाच्या कडेला बसून रडत होता आणि सिस्टरांना ‘आई’ म्हणत होता. जीभ जड झालेली, डोळे तांबारलेले, जमिनीवर टेकवलेला पाय घसरत होता. असा माणूस ओळखायला सिस्टरांना नळी लागत नव्हती. ते शिक्षण त्यांचं घरीच झालं होतं.

पडद्यापलीकडे शिंपी ओरडत होता. डॉक्टर हाका मारत होते. हवालदार घड्याळ बघत होता. सिस्टरांनी खोका फोडला, ड्रायव्हरचा हात धरला, ट्रेमधून बोळा उचलला, पुसलं, सुई घातली. मग फॉर्मवरच्या छापील ओळीपुढे बरोबरची खूण केली: ‘त्वचा स्पिरिटविरहित द्रावणाने पुसली आहे.’ ती खूणही दरवेळी करायची म्हणून केली. एकतीस वर्षं तेच काम करणारे हात मालकिणीला विचारायला थांबत नाहीत. रोजचा स्पिरिटचा बोळा त्यांनी आपणहून उचलला, खूण आपणहून केली, आणि उरलेली पुडी सील फोडलेलं नाही म्हणून आपणहूनच डब्यात टाकली.

तपासणीचा आकडा आला तो मर्यादेच्या जेमतेम वर. चौकात नक्की काय झालं हे सांगणारा शिंप्याखेरीज साक्षीदार नव्हता; त्या आकड्यावरच खटला उभा राहिला होता. ड्रायव्हरचं लायसन्स कोर्टात जमा झालं होतं. गुन्हा शाबीत झाला तर कैद, आणि लायसन्स कायमचं रद्द.

पुडी सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम विभागाबाहेरच्या बाकावर शिंपीकाका भेटले. हॉस्पिटलातल्या निम्म्या सिस्टरांचे युनिफॉर्म तेच शिवत. कोणाची कंबर कोणत्या वर्षी किती वाढली हे त्यांच्या वहीत होतं आणि ती गुपितं त्यांनी कधी फोडली नव्हती.

“गुरुवारी याल ना, सिस्टर?”

“समन्स आहे. न येऊन कसं चालेल?”

“सरकारी वकील म्हणाले, सगळी भिस्त तुमच्यावर आहे. तुम्ही म्हणालात की विधिवत घेतलंय रक्त, म्हणजे संपलं.” काकांनी पाय थोडा पुढे घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले. “मुलीनं मशीनला मोटर बसवून दिली. म्हणाली, पायाचं कामच नको. पण मोटर पळते हो नुसती. माझी सवय पायाची. टाका कुठं थांबवायचा ते पायाला कळायचं, मला बघावंसुद्धा लागायचं नाही.”

सिस्टरांनी काकांची काठी उगाचच भिंतीला नीट टेकवून ठेवली.

“त्याला शिक्षा व्हावी असं काही फार नाही माझ्या मनात,” काका म्हणाले. “पण त्याच्या हातात परत गाडी देऊ नये कोणी. एवढंच.”

संध्याकाळी घरी सिस्टरांनी दोनदा साबण लावून हात धुतले. हे त्यांचं कित्येक वर्षांचं होतं. एकदा हॉस्पिटलसाठी आणि एकदा घरासाठी. मग चहाच्या कपाशेजारी पुडी ठेवून त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. मुलगी शाळेत गणित शिकवायची आणि घरातही तसंच बोलायची.

“पुडी कोणी पाहिली?”

“धाकटीनं. पण तिला कळलेलं नाही.”

“तो माणूस प्यायला होता का नव्हता?”

“होता. चांगला तर्र होता.”

“मग टाकून दे. फॉर्मवर तुझी खूण आहे. तू काही साध्या माणसाला अडकवत नाहीयेस. त्यानं केलंय, त्याला शिक्षा होईल.”

यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. सिस्टरांनी पुडी उचलली आणि केराच्या डब्याचं झाकणही उघडलं. मग झाकण तसंच धरून त्या उभ्या राहिल्या.

“तुझे बाबा एकदा पकडले गेले होते,” त्या म्हणाल्या.

“कधी?”

“जायच्या आठ महिने आधी.”

मुलीने कप खाली ठेवला. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलं नव्हतं.

सिस्टरांचे यजमान पोस्टात होते. हसरा माणूस, अक्षर मोत्यासारखं, आणि खिशात कायम पुदिन्याच्या गोळ्या. त्या गोळ्या कशासाठी असत हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी स्कूटरवर झोकांड्या खाताना त्यांना पोलिसांनी धरलं आणि चौकीत बसवलं. निरोप मिळाला तशा सिस्टर ड्यूटीवरूनच, युनिफॉर्मात धावत गेल्या. तेव्हा खोके नव्हते, नळ्या नव्हत्या. अधिकाऱ्याचं नाक हेच यंत्र. सिस्टरांनी तिथे उभं राहून, आवाज न चढवता सांगितलं, “साहेब, वास माझ्यामुळे येतोय. सकाळी ह्यांच्या हाताचं ड्रेसिंग करताना स्पिरिटची बाटली शर्टावर सांडली. आणि ताप आहे म्हणून तोल जातोय.” अधिकाऱ्याने शर्ट हुंगला, सिस्टरांच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं आणि स्कूटरची किल्ली परत दिली. नर्स कशाला खोटं बोलेल?

“येताना मी मागं बसले होते,” सिस्टर म्हणाल्या. “तुझे बाबा म्हणाले, काय डोकं चालवलंस गं. आणि मी हसले. दोघंही हसलो. घर येईपर्यंत हसत होतो.”

आठ महिन्यांनी त्याच स्कूटरवर ते सायकलवरून घरी चाललेल्या एका वायरमनवर आदळले. दोघेही गेले. शवागाराच्या व्हरांड्यात वायरमनची बायको बसली होती. तिच्या मांडीवर त्याची हत्यारांची पिशवी होती. तिने सिस्टरांना विचारलं, “ताई, तुमचं कोण आहे आत?” सिस्टर म्हणाल्या, “कोणी नाही. मी इथं नर्स आहे.” मग त्यांनी तिला पाणी आणून दिलं. बाई पाणी प्यायली आणि म्हणाली, देव तुमचं भलं करो.

ती बाई पुढे कधी भेटली नाही. पण गेलीही नाही. वॉर्डात कोणाला पाणी द्यायचं झालं की ती पेल्यापलीकडे बसलेली असे, पिशवी मांडीवर घेऊन. घरात हात धुताना नळाच्या आवाजात नवऱ्याचं हसणं ऐकू येई आणि त्याच्यात मिसळलेलं आपलंही. नवऱ्याच्या हसण्याची सिस्टरांना भीती वाटत नव्हती. स्वतःच्या हसण्याची वाटे. त्यासाठीच त्या नळ मोठा सोडत.

मुलीने गार झालेला कप बाजूला सारला. मग म्हणाली, “लहानपणी मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या आईबाबांचा वास एकसारखा आहे. तू माझ्या तोंडावर हात ठेवायचीस.”

“हो.”

“तेव्हा खोटं बोललीस आणि बाबा सुटले. आता खरं बोललीस तर हा सुटणार. मग खरं बोलायचं तरी कशाला, आई?”

“ते मलाही कळत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पण तेच कपडे घालून, तशीच उभी राहून, परत वासाबद्दल खोटं बोलायचं, हे माझ्यानं होणार नाही गं.”

केराच्या डब्याचं झाकण त्यांनी लावून टाकलं. पुडी पर्समध्ये परत गेली.

गुरुवारी कोर्टात गर्दी नव्हती. पंखा फिरताना कटकट वाजत होता आणि लघुलेखक बाई मधूनमधून त्याच्याकडे रागाने बघत होत्या. शिंपीकाका पहिल्या बाकावर काठी पुढ्यात धरून बसले होते. पलीकडे ड्रायव्हर, दाढी केलेला, इस्त्रीच्या शर्टातला, शाळेच्या पहिल्या दिवशी आणून बसवलेल्या पोरासारखा. त्याच्या शेजारी त्याची बायको होती. सिस्टरांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

सरकारी वकिलांनी दोनच प्रश्न विचारले आणि फॉर्मवरची खूण दाखवून ते समाधानाने बसले. ड्रायव्हरचा वकील उठला. तरुण होता आणि हातात फारसं काही नव्हतं, हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. अंधारात दगड मारावा तसं त्याने विचारलं, “सिस्टर, त्या दिवशी त्वचा नक्की कशानं पुसलीत, आठवतं का?”

“आठवत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पण कळलंय.”

“म्हणजे?”

सिस्टरांनी पर्स उघडली. पुडी काढून समोरच्या कठड्यावर ठेवली.

“ही त्या खोक्यातली पुडी. क्रमांक बघा. फोडलेली नाही. म्हणजे मी रोजच्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. फॉर्मवरची खूण चुकीची आहे. तीही मीच केली.”

न्यायाधीशबाईंनी पुडी मागवून घेतली, चष्म्यातून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि लिहायला सुरुवात केली. सरकारी वकील घाईने उठले.

“आकडा बाजूला ठेवू. डॉक्टरांनी लिहिलंय की आरोपीच्या अंगाला दारूचा वास येत होता.”

तरुण वकिलात आता जीव आला होता. “वास येणारच. अपघात विभाग आहे तो, तिथे सगळीकडे स्पिरिट. सिस्टरांनी आत्ताच सांगितलं, त्याच्या हातालाच स्पिरिट लावलं होतं. वास स्पिरिटचा होता. आणि तोल जात होता तो धक्क्यामुळे.”

सिस्टरांनी कठडा घट्ट धरला. शब्द त्यांचेच होते. बावीस वर्षांपूर्वी चौकीत त्यांनी जे रचून सांगितलं होतं, तेच हा परका मुलगा त्यांच्यासमोर, त्यांच्याच साक्षीच्या आधाराने बोलत होता. शेवटच्या बाकावर कोणीतरी मांडीवर पिशवी घेऊन बसल्यासारखं त्यांना वाटलं. पाहिलं तर तो एक कारकून होता, मांडीवर फायली घेतलेला.

“साहेब,” त्या म्हणाल्या. न्यायाधीश बाई आहेत हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात राहिलं नाही. “तो प्यायलेला होता. वासाचं सोडा. मी डोळ्यांनी पाहिलंय. मला ते कळतं.”

“तुम्हाला कसं कळतं?” तरुण वकिलाने विचारलं.

“माझा नवरा प्यायचा.”

“तुमच्या घरच्या अनुभवावरून माझ्या अशिलाला शिक्षा होऊ शकत नाही, सिस्टर,” तो म्हणाला. बोलण्यात उर्मटपणा नव्हता, आणि तो म्हणत होता ते बरोबर होतं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. तोपर्यंत हॉस्पिटलमधून सिस्टरांना हलगर्जीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली होती; निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना कोऱ्या सेवापुस्तकात पहिला लाल शेरा. धाकटी सिस्टर रडली. सिस्टरांनी तिला गप्प केलं आणि निकालाच्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या कोर्टात गेल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

पुरावा संशयास्पद, म्हणून आरोपी निर्दोष. चार ओळी वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

बाहेरच्या जिन्यावर ड्रायव्हर त्यांना शोधत आला. हातात पाकीट होतं. पाकिटातून लायसन्स काढून त्याने शर्टाला पुसलं, बघितलं, खिशात ठेवलं आणि हात जोडले.

“ताई, तुम्ही देवासारख्या उभ्या राहिलात. त्या दिवसापासून थेंब घेतला नाही मी. विचारा हिला.”

“खरंच नाही घेतला,” बायको म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते आणि ती हसत होती. सिस्टरांना ते हसणं ओळखीचं वाटलं.

“चला, मालकानं गाडी आजच परत हातात दिलीय, घरी सोडतो तुम्हाला,” ड्रायव्हर म्हणाला. तो जवळ आला तशी त्याच्या तोंडातली पुदिन्याची गोळी दाताला लागून वाजली.

पुदिन्याची गोळी कोणीही खातं. सर्दी झालेली माणसं खातात, विडी सोडलेली खातात, नुसती आवडते म्हणूनही खातात. सिस्टरांनी मनातल्या मनात हे सगळं स्वतःला सांगून पाहिलं.

“नको. मी चालत जाईन,” त्या म्हणाल्या. मग बायकोचा दंड धरून त्यांनी तिला दोन पायऱ्या खाली नेलं. “गाडीची किल्ली कोणाकडे असते?”

“ह्यांच्याकडे. का हो?”

“तुझ्याकडे ठेव. मागितली तर लगेच देऊ नकोस. आधी तोंडाकडे नीट बघ. आणि परत कधी चौकीत जायची वेळ आली तर... तर ह्याच्या बाजूनं काही बोलू नकोस. काही झालं तरी.”

बाई गोंधळून हसली. आनंदाच्या दिवशी असं कोण बोलतं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. “बरं ताई,” म्हणून ती नवऱ्यामागे गेली.

जिन्याच्या तळाशी शिंपीकाका थांबले होते. सिस्टरांना त्यांच्या समोरून जायचं होतं, दुसरी वाट नव्हती.

“काका, मी—”

“खरं बोललात,” काका म्हणाले. “मी असतो तर नसतो बोललो. पुडी गिळून टाकली असती.” ते थोडे थांबले. “रात्री राग येतो तुमचा. सकाळी जातो. आत्ता गेलेला आहे. चौकापर्यंत येता का बरोबर? गर्दी असली की अजून पाय पुढं पडत नाही.”

दोघे चौकापाशी आले. रस्ता ओलांडायचा दिवा लागला तसा सिस्टरांनी काकांचा कोपर धरला आणि दोघे उतरले. काठी, चांगला पाय, मोडका पाय. काठी, चांगला पाय, मोडका पाय. मध्यावर आले तेव्हा थांबलेल्या गाड्यांत पहिली गाडी बेकरीची होती. काचेमागे ड्रायव्हर होता, शेजारी त्याची बायको. ड्रायव्हरने ओळखून हात वर केला. काकांनी तिकडे पाहिलं नाही. सिस्टरांनी पाहिलं.

तेवढ्यात दिवा बदलला. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. बेकरीची गाडी थांबून होती, इंजिन धडधडत होतं.

“घाई करू का?” काकांनी विचारलं.

“नको. तुमच्या चालीनं चला,” सिस्टर म्हणाल्या. काकांना आडोसा होईल अशा बेताने त्या गाडीच्या बाजूला आल्या, त्यांचा कोपर तसाच धरला, आणि त्या इंजिनाच्या आवाजाकडे कान देत राहिल्या. अजून अर्धा रस्ता बाकी होता.